ताऱ्याचा जनरेटर कुठे असतो?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमारास वॉर्डातल्या एका शेतकऱ्याला छातीचा एक्स-रे काढायला खाली नेले. टेबलावर झोपवले, प्लेट लावली, तंत्रज्ञाने "श्वास धरा" म्हटले आणि लाईट गेली. अंधारात त्या बिचाऱ्याने श्वास तसाच धरून ठेवला होता, तो मामांनी सोडायला लावला. जनरेटर चालू होईपर्यंत आम्ही सगळे बाहेरच्या बाकावर बसलो. रुग्णाचा मुलगा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होता. तो जरा चाचरत म्हणाला, "सर, तुम्ही मागे पेपरात लिहिलं होतं की काही तारेसुद्धा क्ष-किरण सोडतात. मग त्यांचा जनरेटर कुठे असतो?"

मामा मोठ्याने हसले. मला मात्र हसू आले नाही. १९८० नंतरची जवळपास वीस वर्षे खगोलशास्त्रातले मोठमोठे लोक एका विचित्र ताऱ्यापुढे बसून नेमका हाच प्रश्न विचारत होते. त्या मुलाला तेव्हा घाईत दिलेले उत्तर अर्धवट होते. आज जरा नीट देतो.

क्ष-किरण फुकट मिळत नाहीत. आमच्या यंत्रातल्या नळीत हजारो व्होल्ट लावून इलेक्ट्रॉन पळवावे लागतात, ते टंगस्टनच्या तुकड्यावर आपटतात, आणि एवढे करून जी ऊर्जा खर्च होते तिच्यातला जेमतेम एक टक्का क्ष-किरणांच्या रूपात हाती लागतो. बाकीची उष्णता. वीज गेली की किरण बंद. ताऱ्यांनाही हाच हिशेब लागू आहे. एखादी वस्तू क्ष-किरणांत चमकत असेल तर ती कुठून तरी ऊर्जा आणून खर्च करते आहे, आणि ती कुठून हे शोधल्याशिवाय निदान पूर्ण होत नाही.

आपण ज्यांच्याबद्दल बोलतो आहोत ते न्यूट्रॉन तारे. खूप वजनदार तारा आयुष्याच्या शेवटी स्वतःच्याच वजनाखाली कोसळतो, वरचे थर प्रचंड स्फोटाने उडून जातात आणि मधला गाभा दाबला जाऊन शिल्लक राहतो. वस्तुमान सूर्याच्या दीडपटीच्या आसपास, पण व्यास अवघा वीस-पंचवीस किलोमीटर. वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३४ मध्ये असे काही असावे असे मांडले, तेव्हा न्यूट्रॉन या कणाचा शोध लागून दोनच वर्षे झाली होती. प्रत्यक्ष पुरावा मिळायला १९६७ उजाडले. केंब्रिजला जोसेलिन बेल या विद्यार्थिनीला रेडिओ दुर्बिणीच्या कागदी पट्ट्यांवर दर १.३३ सेकंदांनी येणारा ठोका दिसला. हा पहिला पल्सार, म्हणजे दीपगृहासारखा झोत फिरवणारा न्यूट्रॉन तारा.

क्ष-किरणांत चमकणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या उत्पन्नाची तीन साधने तेव्हा माहीत होती. पहिले, स्वतःची गिरकी. वृषभ राशीतल्या खेकडा तेजोमेघातला पल्सार सेकंदाला तीस वेळा फिरतो आणि हळूहळू मंदावतो. गमावलेल्या गिरकीची ऊर्जा सगळ्या तेजोमेघाला उजळून टाकते. दुसरे, शेजाऱ्याकडून ओढून घेतलेला माल. केनियाच्या किनाऱ्याजवळून १९७० मध्ये उडालेल्या उहुरू उपग्रहाने नरतुरंग तारकासमूहातला एक स्रोत पाहिला. तो दर ४.८ सेकंदांनी ठोका देत होता आणि दर दोन दिवसांनी थोडा वेळ दिसेनासा होत होता, कारण तो एका मोठ्या जोडीदार ताऱ्याभोवती फिरत होता. जोडीदाराचा वायू न्यूट्रॉन ताऱ्यावर कोसळतो, कोसळताना तापतो आणि क्ष-किरण देतो. हे साधन भलतेच किफायतशीर आहे. हायड्रोजनच्या मीलनात वस्तुमानाच्या सुमारे ०.७ टक्के ऊर्जा हाती लागते, इथे त्याच्या कितीतरी पट जास्त. तिसरे साधन म्हणजे जन्माच्या वेळची उरलेली उष्णता, वडिलोपार्जित ठेवीसारखी. ती हळूहळू आटतच जाते.

हे सगळे पाहायला वातावरणाबाहेर जावे लागते, हेही सांगून टाकतो. आपल्या डोक्यावरची हवा क्ष-किरण अडवण्याच्या कामी साधारण दहा मीटर खोल पाण्याइतकी जाड आहे. आमच्या एक्स-रे खोलीच्या भिंतीतले शिसे त्यापुढे काहीच नाही. ती हवा नसती तर हे किरण पाहायला आपण उरलो असतो की नाही, कुणास ठाऊक.

आता आपला रुग्ण. १९८१ मध्ये ग्रेगरी फॉलमन आणि फिलिप ग्रेगरी यांनी शर्मिष्ठा तारकासमूहात, एका जुन्या ताऱ्याच्या स्फोटाच्या अवशेषात, बरोबर मध्यापाशी ठोके देणारा एक क्ष-किरण स्रोत असल्याचे जाहीर केले. नाव रुक्ष आहे: १ई २२५९+५८६. शर्मिष्ठा म्हणजे हिवाळ्याच्या संध्याकाळी उत्तरेला दिसणारा इंग्रजी एम अक्षराच्या आकाराचा तारकासमूह. आपल्या गच्चीवरूनही दिसतो, हा तारा मात्र डोळ्यांना दिसत नाही. तो साधारण सात सेकंदांत एक फेरी घेतो. एवढ्यापर्यंत विशेष काही नव्हते. मग हिशेब तपासला आणि जमेना.

पहिले साधन घेऊ. हा तारा वर्षाला सुमारे १५ मायक्रोसेकंदांनी मंदावतो. गंमत अशी की खेकड्यातला पल्सारही वर्षाला जवळपास तेवढाच, १३ मायक्रोसेकंदांच्या आसपास मंदावतो. मग दोघांचा खर्च सारखा म्हणायचा का? मुळीच नाही. सेकंदाला तीस गिरक्या घेणाऱ्याच्या फेरीतले १३ मायक्रोसेकंद आणि सात सेकंदांत एक फेरी घेणाऱ्याचे १५ मायक्रोसेकंद यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. फेरीचा काळ दुप्पट झाला की तेवढ्याच मंदावण्यातून मिळणारी ऊर्जा आठपट कमी होते. इथे फेरी दोनशेपटींहून लांब आहे, म्हणजे मिळकत जवळजवळ कोटीपट कमी. मी हा गुणाकार रात्रपाळीत केसपेपरच्या पाठीमागे करून पाहिला आणि खरोखर कोटीजवळ पोचलो. शर्मिष्ठेतला तारा गिरकीतून जेवढे कमावतो त्याच्या शेकडो पट ऊर्जा तो केवळ क्ष-किरणांत उधळतो. शिलकीतली सगळी गिरकी काढून वापरली तरी काही शतकांत तो थांबला असता, आणि ज्या अवशेषात तो बसला आहे त्याचे वय हजारो वर्षांचे आहे.

दुसरे साधन, जोडीदार. तो असता तर त्याच्याभोवती फिरताना आपला तारा कधी किंचित जवळ येईल, कधी लांब जाईल, आणि ठोके त्या प्रमाणात थोडे लवकर किंवा उशिरा पोचतील. अनेक वर्षे बारकाईने मोजूनही तसे काही आढळले नाही. तिसरे साधन, जन्मजात उष्णता, या वयाला इतकी तेजस्वी राहत नाही. म्हणजे तिन्ही तपासण्या नकारार्थी.

अशा वेळी आम्ही डॉक्टर काय करतो ते सांगायला हरकत नाही. कारण सापडले नाही की केसपेपरवर 'इडिओपॅथिक' लिहितो. रुग्णाला वाटते मोठ्या आजाराचे नाव सांगितले, खरा अर्थ एवढाच की आम्हाला कळलेले नाही. खगोलशास्त्रज्ञांनीही तेच केले. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत असे सहा ते बारा सेकंदांच्या फेरीचे आणखी काही एकांडे तारे गोळा झाले होते. त्यांना 'अॅनॉमलस एक्स-रे पल्सार', म्हणजे नियमात न बसणारे क्ष-किरण पल्सार, असे नाव पडले.

या रोगाचे उत्तर वेगळ्याच वॉर्डात पडून होते. ५ मार्च १९७९ रोजी शुक्राकडे गेलेल्या सोव्हिएत व्हेनेरा यानांवर आणि सूर्यमालेत विखुरलेल्या इतर यानांवर गॅमा किरणांचा एक लोंढा येऊन आदळला. मुख्य तडाखा सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढा, आणि मागे सुमारे तीन मिनिटे रेंगाळलेली शेपटी, तिच्यात दर आठ सेकंदांनी चढउतार. कोणत्या यानावर किती उशिरा पोचला यावरून दिशा काढली, तेव्हा बोट गेले मोठ्या मॅगेलनी मेघाकडे, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या दीर्घिकेतल्या एका स्फोटाच्या अवशेषाकडे. अशा पुन:पुन्हा उसळणाऱ्या स्रोतांना पुढे एसजीआर म्हणू लागले. अॅनॉमलस पल्सार शांत आणि सतत तापलेले, एसजीआर आक्रस्ताळे. एक जीर्णज्वर, दुसरा झटके. दोन्ही आजार एकच असतील असे सुरुवातीला फारशा कुणाला वाटले नव्हते.

१९९२ मध्ये रॉबर्ट डंकन आणि ख्रिस्तोफर थॉम्पसन यांनी चौथे साधन सुचवले: चुंबकीय क्षेत्र. गिरकी नाही, शेजारी नाही, ठेवीतली ऊबही नाही. ताऱ्यात कोंडलेले चुंबकत्वच झिजत जाते आणि त्याची ऊर्जा बाहेर पडते. अशा ताऱ्याला त्यांनी मॅग्नेटार म्हटले. त्याच वर्षी बोहदान पाचिन्स्की यांनीही १९७९ च्या स्फोटामागे अतिप्रबळ चुंबकत्व असल्याचे मांडले होते.

चुंबकात ऊर्जा साठते आणि तिची उष्णता होऊ शकते, हे पटायला कठीण जाते. फ्रीजवरचे चुंबक वर्षानुवर्षे चिकटलेले असते, त्यातून काही निघताना दिसत नाही. मला हे पटले ते एमआरआयमुळे. त्या यंत्राचे चुंबक म्हणजे द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेली तारेची वेटोळी. इतक्या थंडीत तारेचा विरोध शून्य होतो, एकदा सोडलेला प्रवाह फिरतच राहतो, बाहेरून वीज देत राहावी लागत नाही. म्हणून तर रात्री यंत्र 'बंद' असले तरी चुंबक चालूच असते आणि किल्ल्या, कात्र्या, ऑक्सिजनचे सिलिंडर आत न नेण्याबद्दल आम्ही सारखे ओरडत असतो. कधी काही बिघाड होऊन तारेचा एखादा भाग थोडा तापला, तर तिथे विरोध उभा राहतो, तो भाग आणखी तापतो, आणि बघता बघता सगळे चुंबकीय क्षेत्र कोसळते. त्याला क्वेंच म्हणतात. क्षेत्रात साठलेली काही मेगाज्यूल ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते आणि हेलियम उकळून छतावरच्या नळीतून ढगासारखा निघून जातो. चुंबकत्व गेले, उष्णता आली. मॅग्नेटारमध्ये, ढोबळमानाने, हेच घडते. फक्त सावकाश, हजारो वर्षे, आणि अधूनमधून एकदम.

प्रमाण मात्र वेगळे. पृथ्वीचे क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास, रुग्णालयातल्या एमआरआयचे सहसा १५ हजार गॉस. साध्या पल्सारचे एक लाख कोटी गॉस. मॅग्नेटारचे त्याच्याही शंभर ते हजारपट, म्हणजे एमआरआयच्या शेकडो ते हजारो कोटी पट. अशा क्षेत्रात अणूसुद्धा गोल राहत नाही, दोऱ्यासारखा लांबट होतो. आणि आता हिशेब जमतो. ताऱ्याच्या पोटात हजार लाख कोटी गॉसचे क्षेत्र धरले, तर त्यातली साठवण सूर्याच्या कितीतरी पट तेजाने क्ष-किरण देणाऱ्या ताऱ्याला दहा हजार वर्षे सहज पुरते.

ही ऊर्जा क्ष-किरण कशी होते? आतले क्षेत्र पिळलेल्या दोरीसारखे असते. ते सुटायला बघते आणि ताऱ्याच्या कठीण कवचाला ओढते. कवच ताणले जाते, सरकते, आत उष्णता निर्माण होते आणि पृष्ठभाग पन्नास लाख अंशांच्या आसपास तापतो. तापलेले लोखंड लाल दिसते, त्याहून तापले तर पांढरे. इतके तापले की 'रंग' क्ष-किरणांचा होतो. शिवाय कवचाबरोबर बाहेरचे क्षेत्रही पिळले जाते, त्यातून विजेचे प्रवाह वाहू लागतात, त्यातले कण पृष्ठभागावर आपटून तो आणखी तापवतात आणि वर येणाऱ्या किरणांना धक्के देऊन त्यांची ऊर्जा वाढवतात. म्हणजे आमच्या नळीतला, कण आपटवण्याचा प्रकार इथेही आहेच. आणि कवच एकदम दगा देते तेव्हा झटका येतो.

सिद्धांत चांगला होता, पण रक्ततपासणी व्हायची होती. १९९८ मध्ये क्रिसा कूवेलिओटू आणि सहकाऱ्यांनी धनू राशीतल्या एसजीआर १८०६-२० चा ७.४७ सेकंदांचा ठोका पकडला. तो वर्षाला २.६ मिलिसेकंदांनी मंदावत होता, आपल्या शर्मिष्ठेतल्या रुग्णाच्या शंभरपटींहून जास्त. इतका ब्रेक लावायला लागणारे क्षेत्र काढले, ते मॅग्नेटारच्या सिद्धांतात बसणारे निघाले. तरीही अॅनॉमलस पल्सारांबद्दल वाद चालूच राहिला. हार्वर्डचे लार्स हर्नक्विस्ट, रमेश नारायण आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००० मध्ये मांडले की जोडीदार नसला तरी स्फोटात उडालेला थोडा माल परत येऊन ताऱ्याभोवती चकतीसारखा फिरत असेल आणि तोच खाली पडत असेल. ही शंका रास्त होती. रुग्ण एकटा राहतो म्हणून घरात काही खायला नसेलच असे नाही.

निकाल लावला तो आपल्याच रुग्णाने. १८ जून २००२ रोजी एक क्ष-किरण उपग्रह १ई २२५९+५८६ कडे नेहमीच्या तपासणीसाठी रोखलेला असताना या वीस वर्षे शांत असलेल्या ताऱ्याला झटके आले. काही तासांत ऐंशीहून अधिक, अगदी एसजीआरच्या धाटणीचे. मॅकगिल विद्यापीठाच्या व्हिक्टोरिया कॅस्पी यांच्या गटाने ते नोंदवले. त्याच सुमारास ताऱ्याची गिरकी एकदम किंचित वाढली, म्हणजे आत काहीतरी सरकले होते. त्याआधी या गटाला दुसऱ्या एका अॅनॉमलस पल्सारमध्येही झटके सापडले होते. जीर्णज्वर आणि झटके हा एकच आजार ठरला. वरून माल पडून असे झटके येत नाहीत. चकती मात्र सापडली, पण वेगळ्या ताऱ्याभोवती: ४यू ०१४२+६१, हाही शर्मिष्ठेतलाच. २००६ मध्ये स्पिट्झर दुर्बिणीला त्याच्याभोवती अवरक्त किरणांत चमकणाऱ्या धुळीची खूण दिसली. ती ताऱ्याला खाऊ घालत असल्याची चिन्हे मात्र नाहीत, उलट ताऱ्याच्या क्ष-किरणांनी तीच तापते आहे.

२००४ च्या डिसेंबरमधली त्सुनामी आपल्याला आठवते, २६ तारखेची. त्यानंतर दोन दिवसही झाले नव्हते तेव्हा, भारतीय वेळेनुसार २८ तारखेच्या पहाटे तीन वाजता, एसजीआर १८०६-२० फुटला. सूर्य लाखाहून अधिक वर्षांत देतो तेवढी ऊर्जा त्याने सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात सोडली. तोंड दुसरीकडे असलेल्या उपग्रहांचे शोधकही आंधळे झाले, चंद्रावरून परावर्तित झालेला त्याचा प्रतिध्वनीही नोंदवला गेला. धनू रास तेव्हा सूर्याच्या बाजूला होती, म्हणजे आपल्याकडे रात्र असताना ती पायाखाली, मध्ये अख्खी पृथ्वी. पुढच्या दिवसांत त्या स्फोटाचा रेडिओ लहरींतला मागोवा घेणाऱ्या दुर्बिणींत नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटीही होती, आणि त्या शोधनिबंधाच्या लेखकांत मूळचे कुरुंदवाडचे श्रीनिवास कुलकर्णी होते.

हे सांगितले की कुणीतरी विचारतेच, "डॉक्टर, यापासून आपल्याला काही होतं का?" नाही. तारा तीस ते पन्नास हजार प्रकाशवर्षे दूर आणि वर दहा मीटर पाण्याएवढी हवा. वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर मात्र काही काळ विस्कटला. १९९८ मध्ये अशाच दुसऱ्या एका स्फोटाने पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूचा हा थर दिवसासारखा केला होता. जमिनीवरच्या माणसाला यातले काही कळलेही नाही. किरणांची काळजी करायची तर विनाकारण काढलेल्या सीटी स्कॅनची करा, आकाशातल्यांची नको.

प्रश्न मिटला असे वाटत असतानाच २०१० मध्ये एक पेच निघाला. एसजीआर ०४१८+५७२९ नावाचा तारा झटके तर देतो, पण मंदावतो इतका सावकाश की बाहेरून मोजलेले त्याचे क्षेत्र साध्या पल्सारएवढेच भरते. पुढे त्याच्या क्ष-किरणांत पृष्ठभागालगतच्या एका छोट्या भागात फार प्रबळ क्षेत्र असल्याची खूण मिळाली. म्हणजे बाहेरची नाडी शांत, पोटात मात्र पीळ. आम्हाला असे रुग्ण रोज भेटतात. २०२२ मध्ये आयएक्सपीई या उपग्रहाने ४यू ०१४२+६१ च्या क्ष-किरणांचे ध्रुवीकरण, म्हणजे लहरींच्या कंपनाची दिशा, मोजली. कमी ऊर्जेच्या आणि जास्त ऊर्जेच्या किरणांची दिशा एकमेकांशी काटकोनात निघाली. खालचे किरण उघड्या, घन पृष्ठभागावरून येतात आणि वरचे बाहेरच्या कणांचे धक्के खाऊन येतात, असे मानले तर हे जुळते.

त्या शेतकऱ्याचा एक्स-रे त्या रात्री पावणेअकराला निघाला. न्यूमोनिया होता, बरा झाला. महिन्याने फॉलोअपला मुलगा बरोबर आला. मी त्याला सगळे सांगितले: जनरेटर नाही, चुंबक आहे, तेच झिजते. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "पण सर, एमआरआयचं चुंबक कंपनीवाले चार्ज करून देतात. हे कोणी केलं?"

डंकन आणि थॉम्पसन यांचे म्हणणे असे की जन्मानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत तारा सेकंदाला शेकडो गिरक्या घेत असतो आणि आतून उकळत असतो. उकळणे आणि गिरकी मिळून डायनॅमोसारखे क्षेत्र वाढवतात, आणि मग ते कायमचे कोंडले जाते. दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात की मूळचा तारा आधीच चुंबकीय होता, कोसळताना तेच क्षेत्र दाटले. आतापर्यंत सापडलेल्या तीसेक मॅग्नेटारवरून दोन्ही पक्ष आपापली बाजू मांडत आहेत. बाप तिकडे औषधाच्या खिडकीवर रांगेत उभा होता आणि मुलगा माझ्या टेबलाशी. "जन्माच्या वेळी फिरत होता," मी म्हटले, "किंवा आईकडून आलं." तो म्हणाला, "म्हणजे फॅमिली हिस्टरी घ्यावी लागेल." आणि वडिलांचा नंबर आला म्हणून धावत गेला.